खुंटीवरची पाटी

बर्फावर न घसरणारे हिवाळी टायर चढवायला रास्तो मिखालेक यंदा घाट ओलांडून पलीकडच्या गावी गेला. आमच्या रुडनिक गावात टायरचं दुकान नाही असं कुणी समजू नये. स्टेशनच्या वळणावर चांगलं ऐसपैस दुकान आहे आणि इतकी वर्षं रास्तोची गाडी तिथेच जायची. पण या ऑगस्टपासून तिथे बोहुश त्काचिक कामाला लागला होता. त्याच्यासमोर गाडीतून उतरण्यापेक्षा बर्फावरून घसरून नाल्यात गेलेलं बरं, असं रास्तोला वाटायचं. गावाला हे ठाऊक होतं. गावाला सगळंच ठाऊक असतं, फक्त ज्याचं त्याला वाटतं की कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

रास्तो म्हणजे आमच्या रुडनिकच्या आइस हॉकी क्लबचा संचालक. संघात कोण राहणार नि कोण जाणार, हे ठरवणारा माणूस. त्याआधी पंधराएक हिवाळे तो याच संघात डाव्या बाजूने खेळला. बाप कागद गिरणीत, आई शाळेच्या स्वयंपाकघरात. पोराकडे बघायला घरी कुणी नाही, म्हणून त्याला बर्फाच्या रिंकवर सोडून द्यायचे. लाकडी खुर्ची पुढे ढकलत ढकलत तो बर्फावर उभं राहायला शिकला. तेव्हा तिथे तशीच खुर्ची ढकलणारा आणखी एक पोरगा होता, तो बोहुश. दोघांच्या खुर्च्या एकमेकींवर आदळल्या, दोघं भांडले, रडले, आणि तिथून पुढे त्यांना कुणी वेगळं पाहिलं नाही.

खेळात दोघांची वाटणी ठरलेली. बोहुश मधोमध, रास्तो डावीकडे. बोहुशने चकती द्यायची, रास्तोने गोल करायचा आणि पेपरात फोटो रास्तोचा यायचा. बोहुशला त्याचं काही नव्हतं. "तुझं थोबाड बरं आहे. माझं छापलं तर पेपर घेणार कोण?" असं म्हणून तो हसायचा. रास्तो दोन वर्षं फिनलंडमध्ये खेळून आला, बोहुश बोलावणं येऊनही गेला नाही. ज्या वर्षी रुडनिक वरच्या लीगमध्ये चढलं, त्या वर्षीचा शेवटचा गोल लोक अजून बिअर पिताना हातवारे करून दाखवतात. त्या गोलात रास्तोने नुसती स्टिक टेकवली होती, बाकी सगळं बोहुशचं. रास्तोला हे पक्कं माहीत होतं. चारचौघांत मात्र तो तसं कधी बोलला नाही.

पुढे रास्तोचा गुडघा गेला आणि क्लबने त्याला वर बसवलं. वर म्हणजे खरोखरच वर. खेळाडूंच्या खोलीशेजारून जिना जातो आणि वर ऑफिस आहे. एका खिडकीतून रिंक दिसतं, दुसरीतून गाड्या लावायचं पटांगण. सुरुवातीला हा बाबा टाय लावून रोज सकाळी खाली यायचा आणि आपल्या जुन्या जागी, बोहुशच्या शेजारी बसायचा. मग एक दिवस त्याच्या ध्यानात आलं, की आपण दार उघडलं की हसणं थांबतं. कुणी वाईट वागत नव्हतं. सगळे नुसते खाली वाकून स्केटच्या नाड्या बांधायला लागायचे. त्यानंतर तो वरच राहिला.

आणि मग तो एप्रिल आला. कोच म्हणाला, "बोहुशचं डोकं आहे, पण पाय गेले. मला तरुण माणूस हवा." रास्तोलाही ते दिसत होतंच, तो काही आंधळा नव्हता. निर्णय बरोबर होता आणि तो त्यानेच घेतला. आता राहिलं होतं ते बोहुशला सांगायचं.

मे महिन्यात बोहुश स्वतःच त्याला नदीवर घेऊन गेला. दिवसभर दोघं गळ टाकून बसले आणि रास्तो माशांबद्दल बोलला. निघताना बोहुशने विचारलं, "काही सांगायचंय का तुला?" रास्तो म्हणाला, "छे रे, काय सांगायचंय?" जूनमध्ये बोहुशने घरी बोलावलं, बायकोला बाहेर पाठवलं, आलुबुखाराची दारू ओतली आणि पुन्हा तेच विचारलं. रास्तोने दारूची तारीफ केली. घरी येऊन त्याने स्वतःला शिव्या घातल्या, पण बोहुशकडे परत काही गेला नाही. बोहुशच्या कराराची कुणाला घाईही नव्हती. इतकी वर्षं तो आधी बर्फावर यायचा, कागद मागाहून.

ऑगस्टमध्ये संघ जमायच्या आदल्या संध्याकाळी गेझाकाका नव्या पाट्या घेऊन वर आले. खोलीत प्रत्येकाच्या खुंटीवर नावाची पाटी असते. खोली, स्केट, स्टिका, सगळी देखरेख काकांकडे, हे दोघं शेंबडे होते तेव्हापासून.

"बोहुशची पाटी काढायची?" काकांनी विचारलं.

"हो काका."

"त्याला ठाऊक आहे?"

"सांगणार आहे. उद्या सकाळी, तो खोलीत जायच्या आत."

काकांनी पाट्या काखेत मारल्या. "बघा बुवा, साहेब," एवढंच म्हणाले. तोवर काकांनी त्याला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

सकाळी रास्तो वेळेवर घरातून निघाला. पण गाडी रिंककडे वळवण्याऐवजी खाणीच्या रस्त्याने वर गेली, मग चर्चला वळसा घालून खाली, मग पुन्हा वर. तो पोचला तेव्हा बोहुशची जुनी श्कोडा पटांगणात उभी होती. रास्तो मागच्या दाराने ऑफिसात शिरला. थोड्या वेळाने बोहुश खांद्यावर बॅग टाकून बाहेर आला, पटांगणाच्या मध्यावर थांबला आणि त्याने वर खिडकीकडे पाहिलं. रास्तो झटकन पडद्याआड सरकला. सहा फुटी माणूस, ज्याच्या नावाने सगळं स्टेडियम घुमायचं तो, श्वास रोखून पडद्यामागे उभा! शरमेने त्याचे कान तापले. तरी बाहेर यायचं धाडस काही झालं नाही.

खाली काय झालं ते गेझाकाकांनी नंतर न विचारता सांगितलं. बोहुशच्या खुंटीवर दुसरंच नाव होतं. त्या नावाचा नवा खेळाडू घाबरून उभाच राहिला, तर बोहुश त्याला म्हणाला, "बस की. जागा चांगली आहे, हीटर जवळ पडतो."

रास्तोला कुणी काही बोललं नाही. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हॉटेलवाला बिअर ठेवायचा आणि पाठ फिरवायचा. संघ जिंकत होता, नवा खेळाडू धावत होता, आणि प्रत्येक विजयाबरोबर रास्तोला जास्तच लाज वाटायची.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी, श्टेफानच्या दिवशी, जुने खेळाडू आपसात सामना खेळतात आणि गाव कोबीचं आंबट सूप पिऊन बघायला येतं. रास्तोने सकाळीच अंथरुणात कूस बदलली. "झ्देन्का, तब्येत बरी नाही म्हणून कळव गं."

"कळवते ना," बायको म्हणाली. "कशाने बरी नाही तेही कळवते. ऊठ!"

तो गेला. आमच्याकडे बाजू पाडायची रीत जुनी आहे. सगळ्यांनी आपापली स्टिक मैदानाच्या मध्यभागी टाकायची, मग एकाने टोपी डोळ्यांवर ओढून ढिगातून हाताला येईल ती स्टिक उचलायची आणि एक डावीकडे, एक उजवीकडे फेकायची. जो त्या वर्षी संघाबाहेर पडून नवा म्हातारा झाला, त्याने हे करायचं आणि नंतर बिअर पाजायची. यंदाचा नवा म्हातारा बोहुश होता.

स्टिका भराभर उडत होत्या. बोहुशची स्वतःची डावीकडे गेली होती. पुन्हा डावीकडची पाळी आली आणि त्याच्या हाती रास्तोची स्टिक लागली. रास्तो मुठीशी चिकटपट्टीचा जाड गोळा बांधतो, ते वेड लहानपणापासूनचं. बोहुशचा अंगठा त्या गोळ्यावरून फिरला आणि थांबला. स्टिक परत ढिगात टाकता आली असती, कुणी काही म्हटलं नसतं. रास्तोला वाटलं, हा बर्फ फुटावा आणि आपण आत जावं.

बोहुशने स्टिक डावीकडे फेकली.

खेळात एकदा चकती अगदी पूर्वीसारखी, न बघता, रास्तोच्या स्टिकवर आली. समोर गोल रिकामा. रास्तोने मारलीच नाही, उलट बोहुशकडे परत ढकलली आणि ती कुणाच्या तरी पायात अडकली. "अरे रास्तो," गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "वर बसून माणसं उडवतोस आणि इथे साधी चकती उडवता येईना?" लोक खदखदून हसले.

सामना संपल्यावर खोलीत गुलाशचं, म्हणजे मांसाच्या रश्शाचं, पातेलं आलं. बोहुशने बिअरचा क्रेट मध्ये ठेवला. रास्तो दाराजवळच्या बाकाच्या टोकावर बसला, म्हणजे पटकन निसटता यावं. बोहुश आला आणि त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"हं, सांग आता."

"काय?"

"जे नदीवर सांगणार होतास ते. मी ऐकतोय."

"बोहुश, माझं चुकलं रे, मी..."

"माफीबिफी नंतर. साहेब आहेस ना? मग साहेबासारखं सांग."

काकांनी पातेल्यातला डाव हलवायचा थांबवला. "बोहुश," रास्तो कसाबसा म्हणाला, "पुढच्या मोसमात आम्ही तुला घेत नाही आहोत."

"का?"

"तुझे पाय मंदावलेत. तू... तू पोचत नाहीस रे." आणि तो सगळ्यांसमोर रडायला लागला.

बोहुशने मान डोलावली. "गेल्या जानेवारीतच कळलं होतं मला. घरी जाऊन बायकोला म्हटलं, आता रास्तो बोलेल, आणि त्याला ते फार जड जाईल. म्हणून तुला नदीवर नेलं. म्हणून घरी बोलावलं. ऑगस्टमध्ये बॅग घेऊन आलो तोही त्यासाठीच, निदान दारात तरी सांगशील म्हणून. मासे काय मला एकट्याला धरता येत नाहीत?"

बोहुशने एक बाटली उघडून रास्तोच्या हातात दिली. "आणि परवा गाडी घेऊन ये दुकानावर. बाहेर बघितली मघाशी. पुढचे दोन्ही टायर उलटे बसवलेत त्या गाढवांनी. इतक्या लांब गेलास, निदान बघून तरी घ्यायचंस."

खोलीत हशा उसळला. रास्तोलाही हसायचं होतं, पण हसू येईना. मे महिन्यातला तो नदीकाठ त्याच्या डोळ्यांसमोर आला. बोहुश दिवसभर पाण्याकडे बघत, पाठ वळवून, त्याला बोलायला सोपं जावं म्हणून मुद्दाम गप्प बसला होता. आणि आपण माशांबद्दल बोलत होतो. त्याने बाटली खाली ठेवली, वाकला आणि स्केटच्या नाड्या सोडायला लागला.