जयवंताबाईच्या चुलीवर सरस नाही

खालापुरातल्या दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं भिवाजीच्या हातचं. पण चित्र असं त्याला कोणी मागितलं नव्हतं. बासष्ट साली वस्तीतल्या नव्या विहारासाठी पंचांनी बुद्धाचं चित्र सांगितलं. पुरुषभर उंचीचं, वैशाखी पुनवेला लावायचं. भिवाजी हरखला, आणि तिथूनच त्याच्या डोक्याला ताप सुरू झाला.

चौकटीवर मांजरपाट ताणला. आता कापडाला सरस पाजायचा, नाहीतर रंगातलं तेल पुढे कापडच खाऊन टाकतं. खोपोलीहून आणलेल्या सरसाच्या वड्या भिजवून त्यानं चुलीवर चढवल्या. वास सुटला तशी आई, जयवंताबाई, परड्यातून तरातरा आली.

"काय शिजवतोस रं?"

"सरस हाय. कापडाला."

"कशाचा करत्यात?"

भिवाजी वाकून चुलीतलं लाकूड पुढे सारू लागला. जयवंताबाईनं फडक्यानं भांडं उचललं आणि उकिरड्यावर उपडं केलं.

"ढोरं वढायचं सोडलं, कातडं सोडलं. सोडलं म्हणून गावानं चार वर्सं वाट अडवली. आन् तू माज्या चुलीवर कातडं शिजवतोस? भगवंताच्या पाठीला लावाया?"

"आये, दुकानातली वडी हाय ती."

"दुकानात काय झाडाला लागती?"

मग त्यानं कणकेची खळ केली. दोन दिवसांत झुरळांनी कापड कुरतडलं. चिंचोके भाजून-कुटून खळ लावली, किडीसाठी मोरचूद घातला. कापड पापडासारखं कडक झालं आणि रंगाचा पहिलाच हात तडकून सुटला. पुनव पंधरा दिवसांवर. पंच येता-जाता विचारत, "कुठवर आलं रं?" भिवाजीला वाटे, रंगाचा डबा यांच्याच टाळक्यावर ओतावा.

"सरस नको, तर कापडबी नको," तो आईवर करवादला. "लाकडावर तेलात थेट काढता येतं. पर एवढं लाकूड कुणाचा बा देणार?"

दुसऱ्या दिवशी तो काम उरकून आला, तर घराला दार नव्हतं. सागाचं दार अंगणात आडवं पडलेलं, आणि चौकटीत गोणपाट लोंबत होतं.

"घे."

"आये, फळ्यांत बोट जाईल येवढ्या फटी हायेत."

"मंग बुजव."

"बुजवतो. खडूची भुकटी आन् आळशीचं तेल, लांबी म्हनत्यात तिला." ती विचारायच्या आतच त्यानं सांगून टाकलं, "त्यात ढोराचं काय नाय."

"कडी तेवढी काढ आदी," जयवंताबाई म्हणाली. "भगवंताच्या पोटावर यील."