सुमनअक्कांची अर्धी राहिलेली कथा

तीन आठवड्यांपूर्वी गुलबर्ग्याला माझ्या पत्त्यावर बिदरजवळच्या जनवाड्याहून पोस्टकार्ड आलं. सुमनअक्कांच्या शेजारणीनं, गंगम्मानं, ते कुणाकडून तरी मराठीत लिहून घेतलं होतं. "अक्का गेल्या. त्रास झाला नाही. घर उघडायला तुम्हीच या." त्याच टपालात बिदरच्या साहित्य मेळाव्याची पत्रिका होती. कथाकथनाच्या सत्रात यंदाही अक्कांचं नाव छापलेलं...

जनवाड्याच्या मराठी शाळेत मी नवी लागले तेव्हा अक्का तिथं चांगल्या मुरलेल्या शिक्षिका होत्या. माहेर उदगीरचं. भाषावार राज्यं झाली तसं ते माहेर दुसऱ्या राज्यात गेलं, पण त्यांचं जाणं-येणं तुटलं ते त्यामुळं नव्हे. त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, तहसिलीत कारकून होते. निजामाच्या काळात उर्दूत देखणं लिहायचे. पुढं पन्नाशीजवळ कन्नड शिकावी लागली, आणि ती लिपी हाताला बसते न बसते तोच काचबिंदूनं डोळे गेले. मूलबाळ नव्हतं. शाळा सुटली की अक्का जवळजवळ पळतच घरी जायच्या. भाकरी झाल्या की चूल निवेपर्यंत तिथंच बसून कथा लिहायच्या. दोन-चार कथा दिवाळी अंकांत आल्या होत्या. अप्पांना मात्र त्यांनी एकही वाचून दाखवली नव्हती.

हिवाळ्यात बिदरच्या रंगमंदिरात मेळावा भरायचा. एरवी तिथं कन्नड नाटकं होत. त्या दोन दिवसांत लातूर-उदगीरकडचे लेखक यायचे, शाली पांघरलेल्या माणसांनी दुपारची सत्रंही भरून जायची. अक्कांना दर वर्षी बोलावणं असे. अप्पा कधी नको म्हणाले नाहीत. "जा की. म्या काय ल्हान लेकरू हाय?" म्हणायचे... आणि निघायच्या सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागायचं. अक्का नेसलेलं ठेवणीतलं लुगडं सोडून पुन्हा चुलीपुढं बसायच्या. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघत नसे. पण ते ढोंग होतं असं मला म्हणवत नाही. त्यांचा चेहरा खरोखरच घामानं डबडबलेला असायचा.

एका वर्षी मीच हट्टाला पेटले. म्हटलं, अप्पांनाच सोबत नेऊ. त्यांना पहिल्या रांगेत माझ्या शेजारी बसवलं. अक्का कोणती कथा वाचणार हे मी विचारलंही नव्हतं. कथेतली बाई आंधळ्या नवऱ्याचं ताट झाकून ठेवते आणि बसथांब्याकडं चालू लागते. अप्पांचा हात खुर्चीवर आवळत चालला होता, ते मला दिसत होतं. "तिनं दांडी धरली, एक पाय पायरीवर ठेवला..." अक्कांनी एवढं वाचलं आणि अप्पा ताडकन उठून उभे राहिले.

"सुमन! कुठं हायस तू?"

मागं कुणीतरी हसलं. अक्कांनी कागदावरून मान वर केली. माईक चालू होता, त्यामुळं त्यांचं उत्तर सगळ्या रंगमंदिराला ऐकू गेलं.

"हितंच हाय."

पानांची घडी घालून त्या खाली आल्या आणि अप्पांचा हात धरून बसल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परतीच्या बसमध्ये अप्पांना डुलकी लागली तेव्हा मी हळूच विचारलं, "अक्का, ती बाई बसमधी बसली का मग?"

"लिहिताना तर बसली होती गं," त्या म्हणाल्या. अप्पांना तिथं मी नेलं होतं, हे मला आजही विसरता येत नाही.

पुढं माझी बदली गुलबर्ग्याला झाली. काही वर्षांनी अप्पा गेले. आता बाई मोकळी झाली, असं सगळेच म्हणाले, मीही म्हणाले. त्या हिवाळ्यात अक्का एकट्या मेळाव्याला आल्या. त्यांचं वाचन पाचला होतं. चार वाजता त्यांनी पिशवी उचलली.

"कामून उठायलाव अक्का? घरी कोण वाट बघायलंय?"

"कुनी न्हाई गं. पन पाय थांबंनात."

मी त्यांचा हात धरला. त्यांची नजर दाराकडंच होती. सोडून दिला. नंतरचे सगळे हिवाळे असेच गेले. पत्रिकेत नाव छापलं जाई, अक्का येत, ऐकत बसत, आणि आपली पाळी यायच्या आत निघून जात.

गेल्या आठवड्यात जनवाड्याला जाऊन घर उघडलं. अप्पांना चाचपत चालता यावं म्हणून खाटेपासून न्हाणीपर्यंत आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत अक्कांनी कमरेच्या उंचीवर दोरी बांधली होती. ती अजून तशीच होती. गंगम्माला म्हटलं, "ही सोडली कामून न्हाई?"

"कशी सोडतील बाई? अप्पा गेल्यावर अक्का तीच धरून चालायच्या की. डोळे चांगले होते त्यांचे. तरी भर दुपारी बी धरायच्या. दिवाळीला जुनी झिजली म्हून नवी आणून बांधली."

मी जवळ जाऊन पाहिलं. दोरी खरंच नवी होती, पांढरीशुभ्र, पण हाताला लागायची तेवढीच बाजू मळलेली... सोडावी म्हणून मी गाठीला हात घातला. अक्कांनी ती फार आवळून मारली होती. मला सुटली नाही.