चिकटवलेला रुपया

"पाकीट संपलं की पाय उचलायचा," असं म्हणत काका गाडी सुरू करण्याआधी काचेपाशी खोचलेल्या पाकिटावर अंगठा टेकवत. पाकीट म्हणजे आपलं आहेराचं, लग्नामुंजीत देतो तेच. गुलाबी, सोनेरी वेलबुट्टीचं, वर रुपया चिकटवलेला. आत मात्र शनिवारच्या जुगाराचे डॉलर.

काका माझे कुणी लागत नव्हते. मी नागपूरहून इकडे शिकायला आले, रेडमंडला नोकरी लागली आणि जवळच्या बॉथेल गावात त्यांच्या शेजारी राहू लागले, एवढंच. दोघांचं ऑफिस एकच. माझ्याकडे गाडी नव्हती, म्हणून ते मला रोज नेत. दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे त्यांचं काम. स्वतःच्या पद्धतीत चूक असूच शकत नाही, ही त्यांची श्रद्धा. असा एक तरी माणूस तुमच्याही ओळखीचा असेल.

हिवाळ्यात पाऊस थांबायचा नाही आणि ट्रॅफिक हलायची नाही. तेवढ्या वेळात माझी शिकवणी चाले. क्रॅप्स म्हणजे दोन फाशांचा खेळ. टबासारखं खोल टेबल, भोवती माणसं, एकजण फासे फेकतो आणि बाकीचे पैसे लावतात.

"साध्या रेषेवर लावायचं. पहिल्या फेकीत नंबर ठरला की तिच्या मागे थोडं आणखी ठेवायचं, त्या पैशावर कसिनो स्वतःचा हिस्सा खात नाही. मधल्या खणांकडे बघायचंसुद्धा नाही. ते खण चमचमतात ना, तेच बुडवतात. आणि एका फेकीला पाकिटातला अगदी छोटा हिस्सा. कळलं?"

"म्हणजे असं केलं की जिंकतो?"

"छे! शेवटी आपण हरणारच. कसिनोवाले वेडे आहेत का? आपण फक्त सावकाश हरायचं."

"मग जायचं कशाला, काका?"

"तू अजून लहान आहेस," ते म्हणत आणि वायपर जोरात करत. कोंडीत सापडले की त्यांचं हे एकच उत्तर असे.

एकदा ऑफिसातले आम्ही चार-पाच जण हट्टानं त्यांच्याबरोबर गेलो. काका टेबलाशी सोवळं नेसून पूजेला बसल्यासारखे गंभीर. मी आपले पाच डॉलर उचलले आणि मधल्या चमचमत्या खणात, बारावर, ठेवून दिले. पडले की दोन छक्के! माझ्यापुढे चिप्सचा ढीग आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा मात्र पडला.

"चुकीचं जिंकलीस," ते म्हणाले. स्वतः पाकीट संपवून, नियमाप्रमाणे, शांतपणे उठले होते. परतताना गाडीत रिकाम्या पाकिटावरचा रुपया मला दाखवून म्हणाले, "बघ. शून्य करून आलो नाही."

काकू हे सगळं हसण्यावारी नेत. पाकिटांचा गठ्ठा त्यांनीच पुण्याहून आणलेला, इथल्या बारशा-वाढदिवसांना लागतात म्हणून. "आमच्याकडे दर शनिवारी कसिनोला आहेर जातो," असं त्या म्हणायच्या. त्यांची कॉलेजात जाणारी लेक म्हणायची, "बाबा डझन्ट गॅम्बल. ही कम्यूट्स." म्हणजे जुगार कसला, ऑफिसला जावं तशी नुसती ये-जा. सगळे हसायचे. काकाही हसायचे.

मग ऑफिसात कपात झाली आणि काकांची नोकरी गेली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला मुलाखतीला बोलावतात, छान बोलतात आणि विसरून जातात. काका शनिवारबरोबर बुधवारीही जाऊ लागले. पुढे रोज. नियम त्यांनी कधी मोडला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पाकीट संपलं की ते उठतच. उठून पार्किंगमध्ये येत, गाडीत बसून डब्यातली पोळीभाजी खात, आणि दुसरं पाकीट घेऊन आत जात.

काकूंना ते पैशांवरून कळलं नाही. कुणाच्या तरी मुंजीला निघताना त्यांनी कपाट उघडलं, तर गठ्ठ्यातलं एकही पाकीट शिल्लक नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं, साक्षीदार म्हणून असेल. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. "एक महिना जाऊ नका. फक्त एक महिना. नाहीतर मी पोरीला घेऊन लांब शॉमबर्गला माझ्या ताईकडे जाते."

"अगं, मला व्यसन आहे का?" काका अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. "व्यसनी माणसाला थांबता येत नाही. मी रोज थांबतोच की!"

खरंच होतं ते. थांबणं त्यांना सुरेख जमायचं. न जाणं तेवढं जमत नव्हतं. महिना संपायच्या आत काकू लेकीला घेऊन गेल्या, आणि वर्षभरात घरही विकलं गेलं. काका कसिनोजवळ कुठेतरी खोली घेऊन राहू लागले. मी फोन करायची. "डिसिप्लिन आहे ना, काळजी करू नकोस," ते म्हणायचे. मी काळजी करायची. त्याचा उपयोग काहीच नव्हता.

मागच्या वर्षी मी छोटंसं घर घेतलं. वास्तुशांतीला बोलावलं तर काका आले, दोन बस बदलून, बूट भिजलेले. गाडी गेली होती. मसालेभात दोनदा मागून घेतला, सत्यनारायणाला नमस्कार केला. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तिचा फोन येतो का गं? बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. तुम्ही करा ना फोन, काका."

"करीन. जरा सावरलं की करीन."

निघताना त्यांनी गुलाबी पाकीट माझ्या हातात ठेवलं. "घराला काहीतरी घे," म्हणाले. मी थांबा म्हटलं, पण बस चुकेल म्हणून ते पावसातच निघाले. त्यानंतर त्यांचा फोन लागत नाही. त्या खोलीत आता दुसरंच कुणीतरी राहतं.

पाहुणे गेल्यावर मी पाकीट उघडलं. ते एकदा बंद करून उघडलेलं आणि पुन्हा टेपनं चिकटवलेलं होतं. आत काही नव्हतं. त्यांनी आहेर भरला होता, मनापासून भरला होता, याबद्दल मला शंका नाही. वाटेत एक बस बदलायला ते उतरले असणार, आणि ती बस कसिनोसमोरच्या थांब्यावर बदलतात, ते मला ठाऊक होतं. मला राग आला नाही. स्वयंपाकघरात उभी राहून मी खूप रडले.

पाकीट मी देव्हाऱ्यात ठेवलंय. त्यावरचा रुपया तेवढा माझ्यापर्यंत पोचला, कारण तो त्या टेबलावर चालत नाही.