गढूळ पाण्याचं पातं

गळाच्या दुकानाचं एक आहे. ज्याला मासा मिळाला तो सरळ घरी जातो. ज्याला मिळाला नाही तो माझ्या बाकड्यावर येऊन बसतो. त्यामुळं सांगलीतल्या माझ्या दुकानात मासे कधी आले नाहीत, किस्से मात्र ढिगानं साठलेत.

आमच्या रविवारच्या मंडळीत कुपवाडचे एक लेथवाले पाटील आहेत. पाण्यातून ओढला की ज्याचं चकचकीत पातं गरगर फिरतं, तो माशाला भुलवणारा स्पिनर विकत घेणं त्यांना पटेना. "ह्यात हाय काय? घरी करतो." त्यांनी घरातला स्टीलचा चमचा कापला, घासला आणि पातं बनवलं. पहिल्याच रविवारी एका मरळीनं दोरा तोडून ते नेलं.

वहिनींचा फोन मला आला. "भाऊजी, सेटमध्ये पाच चमचे राहिलेत. सहावा पाहुणा आला तर नदीवर जेवायला पाठवते."

*

मी तरी कुठं शिकून गादीवर बसलो होतो? जास्त चमकतं म्हणून लांबट पातंच सगळ्यांच्या हातात द्यायचो. पलूसकडचे एक रिटायर्ड सुभेदार ते घेऊन गेले आणि आठ दिवसांनी परत आले.

"शेठ, हे तुमी माशासाठी मागवता का गिऱ्हाइकासाठी?"

"म्हणजे?"

"नितळ पाण्यात हे चालतंय. आता नदी चहासारखी झालीया, तिथं चमकून कुणाला दिसणार? गोल पातं द्या. ते पाण्यात धडधडतंय. मरळ ते अंगानं ऐकती."

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला आधी पाणी कसं आहे ते विचारतो. सुभेदारही मंडळीत आले ते कायमचे.

*

पुढं सुभेदारांना काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तरी दुकानात यायचे, पाती बोटांनी चाचपून निवडायचे. ते बघून पाटलांना राहवलं नाही.

"आवं सुभेदार, दिसत न्हाई तर मासा कसा धरणार?"

"गड्या, मासा पाण्याखाली असतोय. दिसत तर तुलाबी न्हाई."

*

गणपती झाले की मुलगा सुभेदारांना साताऱ्याला नेणार होता, कायमचं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्याआधी एक मोठी मरळ धरायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. दोन महिने दर रविवारी मी त्यांना नदीतल्या डोहावर नेलं आणि दर रविवारी आम्ही रिकाम्या हातानं परतलो.

शेवटच्या रविवारी, पाच-सहा वेळा गळ टाकून झाल्यावर, ते हळूच म्हणाले, "पातं थांबलं." आणि रॉड वाकला.

त्याच वेळी मला पाण्यावर तांबूस पिल्लांचा गोळा दिसला. मरळ पिल्लं राखत असली की जवळून जाईल त्याच्यावर तुटून पडते. तेव्हा तिला धरणं सोपं. पण ती गेली की पिल्लांना दुसरे मासे खाऊन टाकतात. अशी मरळ सोडून द्यायची, हा आमच्या मंडळीचा नियम. घातलेला सुभेदारांनीच.

बऱ्याच वेळानं मरळ काठाला आली. मी ती जाळीत घेतली. माझ्या अख्ख्या हाताएवढी असेल. सुभेदार गुडघ्यावर बसले आणि ओला हात तिच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवत राहिले. इतका शांत चेहरा त्यांचा मी कधी बघितला नव्हता.

"शेठ, पिल्लं हायत का?"

मी पाण्याकडं बघितलं. मग त्यांच्याकडं.

"नाहीत," मी म्हणालो.

सुभेदारांनी खिशातून पक्कड काढली, चाचपत गळ सोडवला आणि मरळ दोन्ही हातांनी पाण्यात ठेवली.

"न्हाई म्हणायला एवढा येळ लागत न्हाई, शेठ."