ढेबेकाका आणि विमान कंपन्यांची करडं

विमानाच्या पोटाखालून जाताना ढेबेकाका त्याला उघड्या तळहाताने थोपटायचे. मी नवा होतो तेव्हा विचारलं, "काका, काय तपासताय?" म्हणाले, "तपासत न्हाई. मी आलोय, ह्ये सांगतोय. शेरडांच्या वाड्यात शिरताना त्यास्नी सांगावं लागतं, न्हाईतर बुजत्यात."

बाबूराव ढेबे आमच्या विमान कंपनीत देखभालीचे मुख्य तंत्रज्ञ होते. मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला डोंगरावर त्यांची धनगरवस्ती. नोकरीसाठी नांदे गावात दोन खोल्या घेतल्या होत्या, पण सुट्टी लागली की ते वस्तीवर. त्यांनी सही केल्याशिवाय विमान जागचं हलत नसे, आणि ती सही घाईत मिळत नसे. वैमानिक घड्याळ दाखवू लागला की म्हणायचे, "उशीर झाला म्हून कोन मरत न्हाई."

एका वर्षी पगारवाढ झाली नाही. त्याऐवजी कंपनीने शेअरची योजना काढली. मुख्य कार्यालयातून एक साहेब आले. काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "ही मुलं तुमचं ऐकतात. त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा." काकांनी चार दिवस मागितले. त्या चार दिवसांत त्यांनी इतर विमान कंपन्यांतल्या ओळखीच्या माणसांना फोन करून तिथे काय मिळतं ते विचारून घेतलं.

पाचव्या दिवशी हँगरमधल्या फळ्यासमोर उभे राहिले. आम्ही तीसेक जण आणि खुर्चीवर साहेब.

"शेअर म्हंजी करडू समजा. आपली कंपनी म्हंती, चार वर्सांनी आजच्या भावानं करडू इकत घ्यायचा हक्क देतो. भाव चढला तर फायदा. पडला तर कागद चुलीत. दुसरी कंपनी म्हंती, तीन वर्सं टिकलास तर करडूच देतो, फुकट. भाव पडला तरी करडू हातात हाय. तिसरी म्हंती, पगारातनं पैसं कापून दे, सवस्तात देतो. ती बी बरी, पन पैसं आपलंच."

साहेब मान डोलवत होते.

"पन समद्यात आदी कळप बघायचा. कळपाला रोग लागला आसंल, तर फुकटचं करडूबी म्हाग पडतं. आता आपला कळप कसा हाय, त्ये साहेब सांगतील."

साहेब उठले. भविष्य उज्ज्वल आहे, असं काहीतरी बोलले. मागून एकाने विचारलं, "सुटे भाग दोन महिने का येत नाहीत?" साहेब फाईल आवरू लागले.

त्यानंतर एकेक जण कंपनी सोडू लागला. मला त्या दुसऱ्या कंपनीतून बोलावणं आलं. पत्र घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"जा," म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"भाग न्हाईत म्हून एका इमानाचं काढून दुसऱ्याला लावाया सांगत्यात. मी हाय तवर न्हाई म्हनतोय. मी गेलो तर सही कोन करील? कुनीबी करील."

मी गेलो. वाईट वाटलं का, आठवत नाही. नव्या कंपनीचा गणवेश खांद्यात घट्ट होता, तेवढं आठवतं.

पुढच्या वर्षी आमची जुनी कंपनी बंद पडली. तिथे मिळालेल्या शेअरच्या हक्काला काही अर्थ उरला नाही. विमानं धावपट्टीच्या कडेला उभी राहिली. पगार थांबल्यावरही काका काही आठवडे तिथे जात होते. इंजिनांच्या तोंडांवर लाल झाकणं बसवत, चाकं थोडी थोडी फिरवत. एकदा कुंपणाच्या जाळीतून मी त्यांना हाक मारली. ते जवळ आले.

"घरी जा ना काका."

"जातो. पाकरं घरटी करत्यात इंजनात," म्हणाले, आणि परत गेले.

माझी तीन वर्षं भरली, शेअर नावावर झाले. त्यांना फोन केला. "ब्येस झालं," म्हणाले. मागे शेळ्यांचा आवाज येत होता. त्यानंतर चार महिन्यांनी वस्तीवर शेळ्यांमागे चालताना ते कोसळले, ते उठलेच नाहीत. मला कामावर कळलं. मी हातातलं काम पूर्ण केलं, हत्यारं मोजून जागेवर ठेवली आणि मग बसलो. रडू आलं नाही. आजही येत नाही.

दहाव्याला गेलो. पाण्याकाठचे विधी उरकून सगळे वस्तीवर आले. अंगणात माणसं दाटीने बसली होती. कुणी कामाच्या पाळीवरून थेट आलेलं, कुणी पाळीवर जाणारं, अंगात वेगवेगळ्या विमान कंपन्यांचे शर्ट.

काकू चुलीपाशी होत्या. मला म्हणाल्या, "ह्यांच्या कंपनीचं कुनीच आलं न्हाई का रं?"

"कंपनी राहिली नाही, काकू."

"त्ये ठाव हाय मला. मानसं तर आसतील का न्हाई?"

"बाहेर बसलेत ते सगळे तेच," मी म्हणालो. "काकांनीच पाठवलं त्यांना दुसरीकडे."

त्या उठून दारापर्यंत गेल्या. चौकटीला हात लावून अंगणातली माणसं मोजत राहिल्या. मग आत वळून लेकीला म्हणाल्या, "आगं, च्या वाढवाया पायजेल."