स्थळासाठीचा फोटो

महाडात माझा फोटो स्टुडिओ आहे. स्थळासाठी फोटो काढायला मुली येतात, आणि त्यांचा रंग मी कॉम्प्युटरवर थोडा उजळ करून देतो. कुणाला सांगावंही लागत नाही, इतकी ती सवय झाली आहे.

गेल्या वर्षी कापडे गावाहून एक सावळी मुलगी आली होती. फोटोला बसताना तिने दोन्ही हात ओढणीखाली घेतले. तिलाही मी न विचारता गोरं केलं.

काही महिन्यांनी ती परत आली. तोच फोटो तिने काउंटरवर ठेवला आणि त्याच्या शेजारी आपला हात ठेवला.

"दादा, हा फोटो बघून पाहुणे आले. मी चहा घेऊन बाहेर आले, तर मुलाची आई म्हणाली, आता मुलीला बोलवा. मीच मुलगी हाय, असं मलाच सांगायला लागलं."

आवाज चढलेला नव्हता. "दुसरा काढा," ती म्हणाली. "मी हाय तशी."

मी काढला. तिचा चेहरा स्क्रीनवर आला, आणि माझा माउस सवयीने रंग उजळायच्या बटणाकडे गेला.

ती काउंटरवर हात टेकून शेजारीच उभी होती. काउंटरवरचा हात तिने पुन्हा ओढणीखाली घेतला.