तळहातावरची जिन

माझ्या बाबांनी आयुष्यात दारूचा एक थेंब पोटात घेतला नाही, आणि तीस वर्षं आमचं पोट भरलं ते दारूवरच. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ते केमिस्ट होते. स्पिरिटचे चार थेंब तळहातावर घ्यायचे, हात चोळून नाकाशी न्यायचे आणि कुठे बिघडलंय ते सांगायचे. तेच नाक घरी ताटावर बसायचं. "फोडणी करपली." "तूप कालचं आहे." आईने चाळीस वर्षं हे ऐकलं. मला तर त्या नाकाचा रागच यायचा.

गेल्या वर्षी त्यांना मोठा ताप आला आणि त्यानंतर ते पार बदलले. काहीही वाढा, "झकास झालंय." आई हरखली. सावेडीतल्या अख्ख्या सोसायटीला तिने सांगितलं, आमचे हे निवळले बरं का.

मी पुण्याहून येताना जिनची बाटली आणली, मुद्दामच; ते टोकणारं नाक आता मला आठवायला लागलं होतं. ड्राय जिन. म्हणजे गोडवा नाही, सगळा खेळ वासाचा. रविवारी दुपारची जेवणं झाली, आमटीला "झकास" म्हणून झालं, आणि मी बाटली टेबलावर ठेवली.

"देवघरापासून लांब ठेव ती," आई म्हणाली.

"बाबा, ओळखा यात काय काय आहे."

त्यांनी चार थेंब घेतले, चोळले, हुंगले. पुन्हा घेतले. मग तिसऱ्यांदा.

"गार लागतंय," ते म्हणाले.

मी हसले. चेष्टाच वाटली. बूच काढल्यापासून खोलीभर वास सुटला होता! मग त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू थांबलं.

"कसलाच वास येत नाही गं. तापापासून. कुठल्या तोंडाने सांगणार? जन्मभर नाकावरच जगलो."

आई खुर्चीत बसली. "म्हणजे वर्षभर तुम्ही..." वर्षभराची सगळी कौतुकं तिच्या डोळ्यांदेखत गेली.

पुढचं तर मला अजून खरं वाटत नाही. दारूच्या दुकानावरून जाताना जी नाकाला पदर लावते, त्या माझ्या आईने तळहात माझ्यापुढे केला. "ओत."

तिने हात चोळले, डोळे मिटून वास घेतला. जिभेचं टोकसुद्धा लावलं!

"धने आहेत," ती बाबांना सांगू लागली. "लिंबाची साल आहे. आणि काहीतरी देवदाराच्या लाकडासारखं, ताजं कापलेलं. मागून कडवट येतं, पण चांगलं कडवट."

"धने भाजलेले की कच्चे?"

"कच्चे."

बाबांनी मान डोलावली. मग विचारलं, "आणि आजची आमटी? खरं सांग."

"करपली होती," आई म्हणाली.